खोक्यापासून खुराड्यापर्यंत : कोंबडीच्या पिल्लांचे पहिले सहा आठवडे

अंगणात खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत असेल तर एकदा अर्धा तास तिच्याजवळ बसा. पिल्लं पाच-दहा मिनिटं दाणे टिपतात, माती उकरतात, आणि गारठा लागला की आईच्या पंखाखाली शिरतात. ऊब मिळाली की पुन्हा बाहेर. दिवसभर हेच चालतं. पिल्लाच्या अंगावरची लव मऊ दिसते, पण पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या अंगातली उष्णता राखणं त्याला जमत नाही. त्याची सगळी ऊब आईची असते.

उबवणी केंद्रातून खोक्यात घालून आणलेल्या पिल्लाला ही आई मिळालेलीच नसते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसतही नाहीत, म्हणून त्यांची पिल्लं यंत्रातच निघतात आणि एक दिवसाची असताना आपल्या हातात येतात. तिथून पुढे खुडूक कोंबडीचं काम आपलं. ऊब द्यायची, पाणी दाखवायचं, दाणा दाखवायचा, कोरड्यात निजवायचं, आणि हळूहळू बाहेरच्या जगाची ओळख करून द्यायची. याला सगळे ‘ब्रूडिंग’ म्हणतात. मी पुढे जे लिहिते आहे ते २०-२५ पिल्लं घरात वाढवणाऱ्यासाठी आहे. पाचशे-हजारांच्या शेडचं गणित वेगळं.

आमचं घर वाई तालुक्यात आहे. पहिल्या वर्षी मी डिसेंबरात पिल्लं आणली आणि चौकोनी खोक्यात एकच बल्ब टांगून झोपायला गेले. रात्री कधीतरी बल्ब गेला. सकाळी सगळी पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून होती आणि खालची अकरा मेलेली होती. थंडीपेक्षा त्या ढिगानेच जास्त पिल्लं गुदमरली. गोल आकार, दोन बल्ब आणि कोपरा नको, या तीन गोष्टी मी पुढे इतक्या आग्रहाने सांगते त्याचं कारण ही सकाळ आहे.

आणण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पहिल्यांदा करत असाल तर भर पावसाळा टाळा. ओल हा पिल्लांचा मोठा शत्रू आहे, त्याविषयी पुढे येईलच. कडाक्याच्या थंडीत ब्रूडिंग जमतं, पण रात्री जागाव्या लागतात आणि विजेवर फार भिस्त राहते. माझ्या मते फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर हा नवख्यासाठी चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीतच ३५ अंशांच्या वर तापमान जातं. तेव्हा ऊब देण्यापेक्षा पिल्लांना गार ठेवणं अवघड होऊन बसतं.

संख्या २०-२५ ठेवा. यापेक्षा कमी असली तर एकमेकांची ऊब मिळत नाही. जास्त असली तर पहिल्याच खेपेला नजर पुरत नाही. व्यापारी खोकं शंभर पिल्लांचं असतं, आत चार कप्पे असतात आणि एका कप्प्यात पंचवीस पिल्लं मावतात. त्यामुळे चार घरांनी मिळून एक खोकं मागवलं तर सोपं जातं. पुढे लसीच्या वेळीही या चार घरांचा उपयोग होतो.

जात कोणती घ्यायची हा प्रश्न सगळे आधी विचारतात. परसात सोडून पाळायची असतील तर बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतली वनराज आणि ग्रामप्रिया या काटक जाती आहेत. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही आता सगळीकडे मिळतो, मात्र तो सावकाश वाढतो. पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रं आहेत, पुण्याजवळ खडकीला त्यातलं एक आहे. तिथे आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. ब्रॉयलरची पिल्लं मात्र परसासाठी घेऊ नका. ती झपाट्याने अंग धरणारी जात आहे, अंगणात फिरवून पाळायची नाही.

एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. नर-मादी न निवडता दिलेल्या पिल्लांत जवळजवळ निम्मे कोंबडे निघतात. अंड्यांसाठी दहा कोंबड्या हव्या असतील तर वीस-पंचवीस पिल्लं घ्यावी लागतील, आणि उरलेल्या नरांचं काय करायचं ते आधीच ठरवावं लागेल.

पिल्लं निवडता आली तर डोळे चमकदार, पाय तुकतुकीत, बेंबी मिटलेली आणि कोरडी, बूड स्वच्छ असं पिल्लू घ्या. हातात धरल्यावर ते पाय झाडतं, धडपडतं. मान टाकून बसलेलं पिल्लू दया येऊन घेतलं तरी सहसा वाचत नाही. मॅरेक्स हा कोंबड्यांना लुळं करणारा रोग आहे. ‘मॅरेक्सची लस टोचली आहे का?’ हे विकणाऱ्याला नक्की विचारा. ती पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचायची असते, घरी आणल्यावर ती वेळ गेलेली असते.

ब्रूडर

स्वयंपाकघर सोडून घरातली कोणतीही खोली चालेल. पडवीची बंद करता येणारी बाजू, अडगळीची खोली, न वापरातली मोरी, काहीही. स्वयंपाकघर नको याची दोन कारणं आहेत. पिल्लांच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ते आपल्या अन्नात जायला नकोत. दुसरं कारण पुष्कळांना माहीत नसतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा धूर पक्ष्यांची फुप्फुसं निकामी करतो. माणसाला वासही येत नाही इतक्यात पिल्लं मरतात.

जमिनीवर चार फूट व्यासाचं गोल कडं करा. दीड फूट उंचीचा पत्रा, जाड पुठ्ठा, किंवा टीव्ही-फ्रिजची खोकी फाडून जोडलेल्या पट्ट्या, काहीही चालतं. याला ‘चिक गार्ड’ म्हणतात. पंचवीस पिल्लांना सुरुवातीला एवढी जागा पुरते. गोल अशासाठी की घाबरलेली किंवा गारठलेली पिल्लं कोपरा शोधतात आणि एकमेकांवर चढतात. कोपराच नसला तर तसा ढीग होत नाही. मांजर असलेल्या घरात कड्यावर जाळी टाका. तुमचं मांजर कितीही गरीब असो, जाळी टाकाच.

खाली दोन इंच भाताचं तूस पसरा. तूस मिळालं नाही तर लाकडाचा भुगा चालतो, पण फार बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकातोंडात जातो. तुसावर पहिले दोन-तीन दिवस पन्हळी पुठ्ठा किंवा गोणपाट अंथरा, नाहीतर पिल्लं दाणा समजून तूसच खात बसतात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद एकटा अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं.

आता ऊब. साधा तारेचा पिवळा बल्ब हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. हे सांगायची वेळ येते, कारण आजकाल दुकानदार मागितल्यावर एलईडीच काढून देतो. माणशी म्हणावं तसं ‘पिल्लाशी’ दोन वॅट धरायचे, थंडीत त्याच्या दुप्पट. पंचवीस पिल्लांना साठ-साठ वॅटचे दोन बल्ब घ्या. हिवाळ्यात दोन्ही लावा, एरवी एक चालू आणि दुसरा तयार. शक्य असेल तर दोन्ही वेगवेगळ्या प्लगवर घ्या. बल्बवर पत्र्याची टोपी असली की ऊब खाली येते.

बल्ब विजेच्या वायरवर लटकवू नका. साखळीने किंवा जाड तारेने छताच्या हुकाला बांधा आणि भोवती लोखंडी जाळी लावा. वायर तुटून किंवा पिल्लांनी फडफड करून बल्ब तुसात पडला तर आग लागायला क्षण पुरतो. घरातच पिल्लं वाढवायची असतील तर दोनशे पन्नास वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा मला तरी नको वाटतो. पंचवीस पिल्लांना एवढ्या आगीची गरजच नाही.

बल्ब जमिनीपासून साधारण दीड फुटावर ठेवून सुरुवात करा, आणि हे सगळं पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी चालू करून पाहा. चोवीस तासांत तूस आणि जमीन दोन्ही उबदार होतात. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर धरा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जायचं, त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर चढवायचा. कड्याची दुसरी बाजू नेहमी गारच असू द्या, कारण कोंबडीच्या पंखाखालून बाहेर पडावं तसं बल्बखालून बाहेर पडायला पिल्लाला जागा लागते.

पहिला दिवस

पिल्लू अंड्यातून निघताना पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणूनच त्याला लांबून प्रवास करून आणता येतं. पण प्रवासात अंगातलं पाणी आटलेलं असतं. त्यामुळे आल्या आल्या आधी पाणी, दाणा नंतर.

पाणी उकळून कोमट केलेलं द्या. एक लिटरला साधारण पन्नास ग्रॅम गूळ विरघळवून पहिले काही तास दिलं की पिल्लांना लगेच तरतरी येते. पण गूळपाणी दिवसभर ठेवू नका. ते आंबतं, चिकटतं आणि त्यावर माश्या-मुंग्या येतात. खोक्यातून एकेक पिल्लू उचला, त्याची चोच अलगद पाण्यात बुडवा, आणि मग खाली सोडा. पंचवीस पिल्लांना दहा मिनिटं लागतात आणि ही दहा मिनिटं वाया जात नाहीत. एकाला पाणी पिताना पाहिलं की बाकीची शिकतात, तरी प्रत्येकाची चोच बुडवा. मोजणी होते आणि प्रत्येक पिल्लू हातातून जातं, त्यामुळे अशक्त कोण तेही कळतं.

पसरट थाळी असेल तर त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे भरा. पिल्लं पाण्यात पडून बुडतात, भिजली तरी गारठून मरतात. बाजारात मिळणारा उलटा प्लास्टिकचा ड्रिंकर स्वस्त आणि चांगला. पहिल्या आठवड्यानंतर तो विटेवर ठेवा. पाण्याची कड पिल्लाच्या पाठीइतक्या उंचीवर आली की तूस पाण्यात जात नाही आणि पाणी तुसात सांडत नाही.

पाण्यानंतर दोन-तीन तासांनी दाणा. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावर मक्याचा बारीक भरडा शिंपडा आणि बोटाने टकटक करा. खुडूक कोंबडी चोचीने अशीच टकटक करून पिल्लांना बोलावते. पिल्लं बोटाकडे धावत येतात. पहिल्यांदा हे बघताना मला फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो.

थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पिल्लं स्वतःच तापमान सांगतात.

बल्बखाली गोळा होऊन, एकमेकांना रेटत, मोठ्याने आणि सतत ‘चिंव चिंव’ करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब, कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून, पंख पसरून बसली असतील तर फार उष्ण झालं आहे. बल्ब वर घ्या किंवा बंद करा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. खिडकीची किंवा दाराखालची फट शोधा. आणि कड्यात सगळीकडे पसरलेली, काही खातायत, काही पितायत, काही पाय ताणून आडवी झोपलीयत, मधूनच बारीक कुजबुज, असं असेल तर ठीक आहे, तुम्हीही झोपा. आडवं पडलेलं पिल्लू पाहून नवखी माणसं घाबरतात. पोट भरलेलं, ऊब मिळालेलं पिल्लू असंच पसरून झोपतं.

मार्चनंतर दुपारी बल्ब बंद करायला विसरू नका. रात्री ऊब आणि दिवसा फक्त उजेड, असं करावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या पिल्लांना थंडीपेक्षा उष्म्याचा त्रास जास्त झाला आहे.

वीज गेली तर? इन्व्हर्टर असेल तर साठ वॅटचा एक बल्ब त्यावर रात्रभर बऱ्यापैकी चालतो. नसेल तर प्लास्टिकच्या बाटल्यांत कढत पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून कड्यात मध्ये ठेवा आणि कड्यावर अर्धवट चादर टाका. पिल्लं त्या बाटल्यांना बिलगून बसतात. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पिल्लंही जातात आणि त्याच खोलीत झोपलेलं माणूसही जाऊ शकतं.

पहिले दोन-तीन दिवस पूर्ण वेळ उजेड ठेवा, म्हणजे पिल्लांना दाणापाणी सापडतं. त्यानंतर रोज अर्धा-एक तास मुद्दाम अंधार करायची सवय लावा, तुम्ही जवळ असताना. अंधाराची सवय नसलेली पिल्लं पहिल्यांदा वीज गेली की बिथरून एकमेकांवर चढतात.

रोजची कामं

सकाळी पाणी बदलायचं, भांडं घासायचं, ओलं तूस काढून कोरडं टाकायचं, उरलेलं तूस हाताने किंवा खुरपीने खालीवर करायचं. संध्याकाळी पुन्हा पाणी. एवढंच, पण एकही दिवस चुकवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात रोज प्रत्येक पिल्लाचं बूड तपासा. कधीकधी विष्ठा तिथे चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती मऊ करायची आणि हलक्या हाताने पुसून काढायची, मग पिल्लू कोरडं करूनच परत सोडायचं. वाळलेला गोळा ओढू नका, कातडी सोलून निघते. आणि बेंबी समजून भलतीकडेच ओढाओढ करू नका. बेंबी पोटाच्या बाजूला असते, बूड मागे शेपटीखाली.

खाद्य म्हणून ‘चिक स्टार्टर’ किंवा ‘चिक मॅश’ घ्या, प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असलेलं. पंचवीस पिल्लांना सहा आठवड्यांत साधारण तीस-चाळीस किलो लागतं, म्हणजे पन्नास किलोचं एक पोतं पुरून उरतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कॅल्शियम जास्त असतं, ते त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पहिले तीन आठवडे भात, भाकरीचे तुकडे, शिळंपाकं काही नको. पोट छोटं असतं, त्यात भात भरला की प्रथिनांना जागा राहत नाही. पुढे कोथिंबीर, शेवग्याचा पाला, बारीक चिरलेला घास द्यायला हरकत नाही, पण त्याबरोबर बारीक खडा, वाळू द्या. कोंबडीला दात नसतात, ती पोटातल्या खड्यांवर दळते.

खाद्याचं पोतं जमिनीवर ठेवू नका. फळीवर, भिंतीपासून लांब. गाठी झालेलं, कुबट वास येणारं किंवा हिरवट-काळी बुरशी दिसणारं खाद्य फेकून द्या. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचं विष लहान पिल्लांना फार लवकर बाधतं, आणि त्यावर औषध नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून पंखांची पिसं फुटतात, तिसऱ्यात कडं लहान पडायला लागतं. ते दर चार-पाच दिवसांनी मोठं करत जा. चौथ्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाला एक चौरस फूट तरी मिळायला हवा. गर्दी झाली की पिल्लं एकमेकांची बुडं आणि बोटं टोचतात. रक्त दिसलं की बाकीची त्याच जागेवर तुटून पडतात. टोचलेलं पिल्लू लगेच वेगळं करा, जखमेवर हळद लावा, आणि गर्दी, भूक, भगभगीत उजेड, यातलं काय चुकतंय ते पाहा.

मुलांना पिल्लं हाताळू द्या, जरूर द्या, पण बसून आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत. तोंडाला लावायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. हा नियम मोठ्यांनाही आहे.

लसी

या बाबतीत कंजुषी करू नका. राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, आली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. कुमाऊँमधल्या राणीखेत गावी हा रोग आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव. त्यावर उपचार नाही, फक्त लस आहे.

सर्वसाधारण क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा किंवा एफ-वन ही लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पडद्यात टोचून. आठव्या आठवड्यानंतर राणीखेतची आर-टू-बी, इंजेक्शनने. तुमच्या भागात काय साथ चालू आहे त्यानुसार यात फरक पडतो, तेव्हा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. दुकानातून घरी आणताना थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणा. खिशात घालून आणलेली लस पाण्यासारखीच. कुपी फोडली की तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. एका कुपीत शंभर किंवा जास्त पिल्लांची मात्रा असते, म्हणून मघाशी म्हटलं ती चार घरं एकाच दिवशी ठरवून लस देतात. संध्याकाळी, गारव्यात द्यावी. आजारी पिल्लाला देऊ नये.

रक्ती हगवण

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिसं फुगवून, डोळे मिटून, खांदे पाडून बसलेलं पिल्लू दिसलं, आणि तुसात लालसर किंवा चॉकलेटी शी दिसली, तर ही रक्ती हगवण समजा. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. तिचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओलसर, उबदार तुसात एक-दोन दिवसांत पिकतात. ते पिकलेले जंतू दुसऱ्या पिल्लाच्या पोटात गेले की आतड्याचं अस्तर सोलवटतं. कोरड्या तुसात ते नीट पिकत नाहीत. म्हणून तूस रोज खालीवर करायचं, ड्रिंकर विटेवर ठेवायचा, ओला भाग लगेच काढायचा. तूस मुठीत दाबून पाहा. सोडल्यावर भुरभुरलं तर बरं, गोळा राहिला तर ओलं आहे.

लक्षणं दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जा. पाण्यातून देण्याचं अ‍ॅम्प्रोलियम हे औषध वेळेवर दिलं तर बहुतेक पिल्लं वाचतात, दोन दिवस वाट पाहिली तर वाचत नाहीत. दुकानदाराने हातात ठेवलेलं ‘कसलंतरी अँटिबायोटिक’ पाजू नका. ते या जंतूवरचं औषध नव्हे.

काळजी घेऊनही पंचवीसातलं एखाद-दुसरं पिल्लू पहिल्या आठवड्यात जातं. वाईट वाटतं, पण त्यात दर वेळी तुमची चूक नसते. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एका दिवसात दोन-तीन गेली तर मात्र पुरण्याआधी एक पिल्लू पिशवीत घालून दवाखान्यात दाखवा. पोट फाडून पाहिल्यावर डॉक्टरांना बहुधा कारण कळतं आणि बाकीची वाचवता येतात.

बाहेरची ओळख

तिसऱ्या आठवड्यापासून, वारा नसलेल्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात पिल्लांना अर्धा-एक तास बाहेर ठेवायला सुरुवात करा. उलटं डालगं किंवा बूड नसलेला जाळीचा पिंजरा जमिनीवर ठेवला की पुरतं. अर्ध्या भागावर गोणपाट टाका, सावली हवीच. पिल्लं माती उकरतात, किडे टिपतात, धुळीत लोळतात. थोड्या थोड्या मातीशी गाठ पडत गेली की तिथल्या जंतूंशी झगडायची ताकदही येते. पण जवळ बसा. घारीला वरून पिवळा ठिपका दिसायला वेळ लागत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात रात्रीचा बल्ब हळूहळू बंद करा. आधी पहाटेपर्यंत, मग मध्यरात्रीपर्यंत, मग नाहीच. बल्बाविना रात्री पिल्लं शेजारी शेजारी पण सैल बसली तर तयार आहेत. घट्ट गोळा करून ओरडत असतील तर आणखी एक आठवडा थांबा. वय मोजण्यापेक्षा पिसं बघा. पाठ, छाती आणि मान पिसांनी पूर्ण झाकली गेली पाहिजे, लव फक्त डोक्यावर कुठेतरी उरलेली चालेल. उन्हाळ्यात चार आठवड्यांत हे होतं, डिसेंबर-जानेवारीत सहा लागतात. घाई करायला माणूस तयारच असतो, कारण तोवर खोलीभर पिसांची बारीक धूळ उडत असते आणि वासही येतो. तरी थांबा.

खुराडं आधीपासून तयार हवं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, रात्री निजायला दर कोंबडीमागे एक ते दीड चौरस फूट, पुढची बाजू हवेशीर. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस किंवा उदमांजर बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. मुंगूस अगदी लहान फटीतून शिरतं आणि एका रात्रीत खातं त्याहून कितीतरी जास्त मारतं. दाराला नुसती खिटी नको, कडी हवी. आत दोन इंच जाडीचा गोल दांडा आडवा लावा. सुरुवातीला पिल्लं खालीच निजतील, मग एखादं चढेल, आणि आठवड्याभरात सगळी वर.

हलवायचं ते सकाळी हलवा, म्हणजे दिवसभर उजेडात नवी जागा पाहून होते. पहिले चार-पाच दिवस खुराड्याचं दार उघडू नका, दाणापाणी आतच. हेच घर असं त्यांच्या डोक्यात बसायला एवढा वेळ लागतो. सहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या तासभर आधी दार उघडा. अंधार पडायला लागला की ती आपोआप परततात. लांब जायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस. दाणा घालताना पहिल्यापासून एकच हाक आणि एकाच डब्याचा आवाज ठेवलात तर आभाळ भरून आलं किंवा घार घिरट्या घालायला लागली की नुसता डबा वाजवून सगळी गोळा होतात.

घरात आधीच्या मोठ्या कोंबड्या असतील तर लगेच एकत्र करू नका. मोठ्या कोंबड्या टोचून जीव घेतात, आणि त्यांच्या अंगात असलेला पण त्यांना न बाधणारा रोग पिल्लांना लागतो. दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या. मी साधारण अडीच-तीन महिन्यांची झाल्याशिवाय मिसळत नाही. बाजारातून आणलेली मोठी कोंबडी तर या पिल्लांच्या आसपासही आणू नका. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. कुठल्या पक्ष्याबरोबर काय घरात येतंय याची धास्ती परसातल्या पाळणाऱ्यानेही बाळगावी.

आणि घरात खुडूक बसलेली गावरान कोंबडी असेल, निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली, तर बल्बाच्या भानगडीत पडण्याआधी तिला एकदा विचारून पाहा. रात्री अंधारात तिच्याखालची अंडी काढून एक दिवसाची आठ-दहा पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची. पहाटे उठून लपून पाहायचं. ती ‘कुट कुट’ करून त्यांना दाणा दाखवत असेल तर पिल्लांना आई मिळाली. टोचत असेल तर लगेच पिल्लं उचला आणि तयार ठेवलेल्या कड्यात सोडा. बल्ब त्या रात्री चालूच ठेवायचा असतो.

पिल्लं बाहेर गेली की ब्रूडरचं तूस शेणखताच्या खड्ड्यात टाका. ते ताजं थेट झाडांच्या बुंध्याशी घालू नका, मुळं जळतात. ड्रिंकर आणि खाद्याची भांडी घासून कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पत्र्याचं कडं धुवा, पुठ्ठ्याचं असेल तर जाळून टाका, जमिनीवर चुन्याची निवळी मारा. पुढची पिल्लं आणण्याआधी ती खोली निदान दोन आठवडे रिकामी, कोरडी राहू द्या.